एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे? पिस्तुलं दोन दिसतायत, डोळा पाणावतोय, शेवटच्या सिरीज पडतायत त्यांच्यासाठी

आमच्या रेंजवर नवीन बॅच आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, की दादा, डावा डोळा मिटायचा का उघडा ठेवायचा. आधी हा प्रश्न साधा असायचा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्याला फोटो जोडून यायला लागलाय. तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, एक्कावन्न वर्षांचा माणूस, नेहमीचा चष्मा, कानात छोटे इअरप्लग, एक हात खिशात, दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि १० मीटर एअर पिस्तूल मिक्स टीमचं सिल्व्हर घेऊन गेला. त्याच इव्हेंटला मनू भाकर आणि सरबज्योत सिंगचं ब्राँझ आलं म्हणून आपल्याकडे तो इव्हेंट घराघरात बघितला गेला, आणि पोरांच्या लक्षात काय राहिलं तर खिशातला हात.

मग होतं असं, की पोरगं दोन्ही डोळे उघडे ठेवून ऐटीत उभं राहतं, समोर दोन पिस्तुलं दिसतात, गडबडून एक डोळा मिटतं, पाच मिनिटांनी परत उघडतं, परत मिटतं, अर्ध्या तासात डोळ्यातून पाणी, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर क्लबच्या पिस्तुलाची साइट (नेम धरायची मागची खाच आणि पुढचा खुंट) हललीय.

मी यातून स्वतः गेलोय म्हणून लिहितोय. मी बँकेतला माणूस, पिस्तूल हातात घेतलं वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि पहिलं दीड वर्ष डावा डोळा घट्ट मिटून मारत होतो कारण कॉलेजात एनसीसीत तेच शिकवलेलं. ०.२२ रायफल, पोटावर झोपायचं, उस्ताद मागून ओरडायचे ‘बाईं आंख बंद’, पाच गोळ्या मारायच्या आणि उठायचं. पाच गोळ्यांना ते चालतं हो. एअर पिस्तुलाच्या मॅचला ६० शॉट असतात आणि ७५ मिनिटं, त्याच्या आधी साइटिंगचे, म्हणजे स्कोअरमध्ये न धरले जाणारे सरावाचे शॉट वेगळे, आणि प्रत्येक शॉटला हात वर करून आठ-दहा सेकंद डोळा आवळून धरायचा म्हणजे काय होतं ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. तेव्हाची एक मॅच अशी, दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज: ८९, ९०, ८८, ८६, ८१, ७८. एकूण ५१२. पुढच्या मॅचला आकडे वेगळे पण उतार तोच, चौथ्या सिरीजनंतर घसरगुंडी. मी समजत होतो दम कमी पडतोय, सकाळी पळायला लागलो, डंबेल्स आणली. फरक शून्य.

आता मुद्द्यावर येतो. एक की दोन या भांडणात पडायच्या आधी तुमची तक्रार नेमकी कुठली आहे ते बघा, कारण बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात आणि उपाय वेगवेगळे आहेत.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार, दोन दिसतं. दोन काय दिसतं हे विचारलं की निम्मे लोक सांगू शकत नाहीत, दोन पिस्तुलं का दोन टार्गेट. हे घरी बसल्या बसल्या कळतं. हात पुढे करून अंगठा वर धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा, अंगठे दोन दिसतील. आता अंगठ्याकडे बघा, घड्याळं दोन होतील. म्हणजे डोळे ज्यावर फोकस करतील ती वस्तू एक आणि बाकीचं सगळं डबल, हे सगळ्यांचंच होतं, हा आजार नाही. (रेंजच्या बाहेर, रस्त्यावर चालताना, टीव्ही बघताना डबल दिसत असेल तर मात्र हे वाचणं सोडा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आजच.)

आता गंमत बघा. घड्याळाकडे बघताना जे दोन अंगठे दिसतायत त्यातला डावीकडचा अंगठा हा उजव्या डोळ्याचा असतो. पटत नसेल तर उजवा डोळा मिटा, डावीकडचा अंगठा गायब होईल. म्हणजे उजव्या डोळ्याने नेम धरणाऱ्याला दोन पिस्तुलं दिसत असतील तर त्यातलं डावीकडचं त्याचं, आणि नवीन माणूस हटकून उजवीकडचं पकडतो कारण पिस्तूल उजव्या हातात आहे ना. मग त्या भुताच्या पिस्तुलाची साइट जुळवायला मनगट वळवतो, मनगट वळलं की ग्रिप बदलली, आणि तिथून पुढचा सगळा तमाशा.

दोन टार्गेट दिसण्याचं गणित अजून मजेशीर आहे. दोन डोळ्यांत अंतर साधारण ६३ मिलिमीटर, हात ताणला की फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर जाते. दोन्ही डोळे फ्रंट साइटवर फोकस झाले की दहा मीटरवरच्या तुमच्या टार्गेटचं डाव्या डोळ्याचं भूत जवळजवळ ५७ सेंटिमीटर डावीकडे जाऊन बसतं. लेन असतात साधारण एक मीटर रुंद. म्हणजे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या कार्डाच्या (टार्गेटच्या कागदाच्या) मध्येच एक भुताचं कार्ड उभं राहतं, पाच लेनच्या रेंजवर दहा टार्गेट. आमच्याकडच्या अकरावीतल्या एका पोरीने एकदा शेजारच्या लेनच्या कार्डावर १० मारला होता, शेजारचा मुलगा खूश, ही रडकुंडीला, आणि सगळे तिला म्हणतायत लक्ष कुठे होतं. लक्ष जागेवरच होतं तिचं, टार्गेटांचीच गर्दी झाली होती.

ज्यांना दोन दिसतंय त्यांनी पहिलं काम करायचं ते म्हणजे आपला मास्टर डोळा कुठला ते बघायचं. जुनी लग्नपत्रिका घ्या, घरात ढीग असतो, मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, दोन्ही हातांनी धरून हात पूर्ण ताणा, दोन्ही डोळे उघडे, आणि भोकातून समोरच्या भिंतीवरचं लाइटचं बटण बघा. बटण भोकात ठेवूनच पत्रिका हळूहळू तोंडाकडे आणा. ती आपोआप एका डोळ्यावर येऊन थांबते, तो तुमचा मास्टर. पाच वेळा करा, एका वेळेवर विश्वास ठेवू नका, आणि दुसऱ्याची टेस्ट घेत असाल तर कशासाठी घेताय ते आधी सांगू नका कारण लोकं मुद्दाम उजव्या डोळ्याकडे नेतात, डावा निघाला तर आपण नापास असं काहीतरी डोक्यात असतं. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा असतो, उरलेल्यात बहुतेकांचा डावा, आणि काहींचा ठाम कुठलाच नसतो, पाचात तीन वेळा इकडे दोन वेळा तिकडे. या शेवटच्या लोकांनाच सगळ्यात जास्त त्रास होतो आणि तेच सगळ्यात जास्त शिव्या खातात.

हात उजवा आणि मास्टर डोळा डावा निघाला तर घाबरायचं काही नाही. इथे एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की चुकीच्या डोळ्याने नेम धरला की गोळी बाजूला जाते. पिस्तुलात तसं होत नाही. मागच्या साइटची खाच, पुढची साइट आणि टार्गेट हे तिन्ही एका रेषेत आले की ती रेष उजव्या डोळ्यातून निघाली काय आणि डाव्यातून काय, पेलेटला, म्हणजे छऱ्याला, कळत नाही. घोटाळा होतो तो होल्डच्या मध्येच, म्हणजे नेम धरून ठेवलेला असताना, डोळा बदलला की. दोन शॉट एका डोळ्याने, तिसरा दुसऱ्याने, चौथ्यात अर्ध्यावर बदल, आणि कार्डावर दोन वेगळे ग्रुप, एक डावीकडे एक उजवीकडे, मध्ये मोकळं. असं कार्ड दिसलं की मी साइटच्या स्क्रूला हात लावू देत नाही कोणाला.

शॉटगनवाल्यांचं मात्र वेगळं. तिथे मागची साइटच नाही, तुमचा डोळा हीच मागची साइट. बंदूक उजव्या खांद्यावर आणि डाव्या डोळ्याने नळीच्या टोकावरचा मणी टार्गेटवर बसवला तर ३५ मीटरवर नळी दोनेक मीटर डावीकडे बघत असते, आणि ११० मिलिमीटरची ती मातीची थाळी हसत हसत निघून जाते. त्यामुळे ट्रॅप-स्कीटमध्ये, म्हणजे या उडत्या थाळ्यांच्या खेळांत, मास्टर डोळ्याच्या बाजूचाच खांदा वापरायला शिकवतात, आणि दोन्ही डोळे उघडे, कारण थाळीचा वेग आणि अंतर एका डोळ्याने नीट कळत नाही. ‘मोठमोठे शूटर दोन्ही डोळे उघडे ठेवतात’ हे वाक्य बऱ्याचदा तिकडून उचलून पिस्तुलवाल्यांना चिकटवलेलं असतं.

पिस्तुलाला सुरुवात करून दोन-तीन महिनेच झाले असतील तर हात बदलून बघायला हरकत नाही, पण एअर पिस्तुलाची ग्रिप एकाच हाताची असते, नवीन ग्रिपचा खर्च आहे. जुन्या माणसाने हात बदलू नये असं माझं मत. डोकं थोडं वळवा, उभं राहायचा कोन थोडा बदला, पिस्तूल डाव्या डोळ्यासमोर येतं. किंवा डावा झाका आणि उजव्याला कामाला लावा. झाका म्हणतोय मी, मिटा नाही म्हणत. सगळा किस्सा या एका शब्दात आहे.

दुसरी तक्रार, डोळा पाणावतो, फ्रंट साइट विरघळते, शेवटच्या सिरीज पडतात. ही माझी तक्रार. आरशासमोर उभं राहा आणि डावा डोळा नेम धरताना मिटता तसा जोर लावून मिटा. आता उजव्याकडे बघा. उजवी पापणीपण खाली आलेली असते, गाल वर चढलेला, भुवई वाकडी, कोणाकोणाचा जबडासुद्धा आवळलेला. एक पापणी एकटी काम करतच नाही, शेजारीण बरोबर ओढली जाते. हे साठ वेळा. वर आणखी एक, दोन्ही बाहुल्यांचा आकार दोन्ही डोळ्यांत मिळून येणाऱ्या उजेडावर ठरतो, एक डोळा अंधारात टाकला की उघड्या डोळ्याची बाहुली थोडी मोठी होते आणि मोठ्या बाहुलीने साइटची कड कमी धारदार दिसते. कॅमेरावाल्यांना हे लगेच कळेल, ॲपर्चर उघडलं की मागचं-पुढचं धूसर, तेच इथे. म्हणजे आपण मेहनत करून स्वतःची नजर बिघडवतोय.

काही जणांना एक डोळा मिटताच येत नाही, मिटला की दोन्ही मिटतात. त्यांना वाटतं नेमबाजी आपल्यासाठी नाही. आमच्या कोचना, म्हणजे दादांना, कॉलेजात डोळा मारायला कधी जमला नाही असं ते स्वतःच सांगतात, आणि ते स्टेटला खेळून आलेत.

उपाय फुकटाचा आहे, ब्लाइंडर, म्हणजे न वापरायच्या डोळ्यासमोर लटकवायची पट्टी. मी पहिला बनवला तो श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचा. दुधी रंगाचं, अर्धपारदर्शक झाकण, ज्यातून उजेड येतो पण पलीकडचं काही ओळखू येत नाही, असं पाहिजे. काळा कागद, काळी पट्टी, समुद्री चाच्यासारखं काही नको, त्याने परत बाहुलीचा तोच प्रॉब्लेम, शिवाय काही जणांना मधूनच काळं चित्र उघड्या डोळ्याच्या चित्रावर पसरल्यासारखं होतं कारण मेंदू दोन्हीकडची चित्रं आळीपाळीने घेतो. दुधी पट्टीत मेंदूला घेण्यासारखं काही नसतं म्हणून तो गपगुमान उघड्या डोळ्याचं चित्र धरून बसतो. झाकण धुवा नीट, माझ्या पहिल्या पट्टीला तीन दिवस वेलचीचा वास येत होता.

माप लक्षात ठेवा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात डोळ्यासमोरची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, मॅचच्या आधी चेकिंगला मोजतात, ३२ झाली तर तिथे कात्री शोधत फिरावं लागतं, मी फिरलोय. बाजूच्या ज्या झापडा असतात, घोड्याच्या असतात तशा, त्या ४० मिलिमीटर खोलीपर्यंत. रायफलवाल्यांची पट्टी मागच्या साइटलाच लावलेली असते, ती ३० मिलिमीटर खोल आणि साइटच्या भोकाच्या मध्यापासून १०० मिलिमीटरपर्यंत. रायफलमध्ये डायॉप्टरच्या (त्या मागच्या साइटच्या) बारीक भोकातून एकच डोळा बघणार हे ठरलेलंच आहे, त्यामुळे तिथे हा वाद फार होत नाही, पट्टी लावा आणि दोन्ही डोळे सैल सोडा. पॅरिसलाच कोरियाच्या किम येजीचे फोटो बघा, १० मीटर एअर पिस्तूलमध्ये सिल्व्हर, एका डोळ्यासमोर भिंग आणि आयरिसचा (लहान-मोठं करता येणाऱ्या भोकाचा) सेट आणि दुसऱ्यासमोर पट्टी. तो डिकेचचा फोटो आणि हा फोटो, दोन्ही सिल्व्हर, दोन्ही एकाच आठवड्यातले. दोघांच्यात एक गोष्ट मात्र सारखी, आवळून मिटलेला डोळा दोघांच्याही फोटोत नाही.

पट्टी कॅपच्या टोकाला छोट्या बाइंडर क्लिपने लावा, पापणीला लागता कामा नये, आणि डोळ्यासमोर सरळ लटकली पाहिजे. चष्मा असेल तर चष्म्याच्या काचेवरच पांढरी मेडिकल टेप चिकटवली तरी प्रॅक्टिसला चालतं. पूर्ण काच झाकायची गरज नाही, नेम धरताना डोळा जिथून बघतो तेवढा बारीकसा चौकोन पुरतो, आणि हात खाली घेतला की आजूबाजूचं दिसत राहतं, ते रेंजवर सुरक्षिततेसाठीपण बरं.

पहिले तीन आठवडे विचित्र वाटणार हे धरून चाला. मला पहिल्या आठवड्यात पट्टीमागचा डावा डोळासुद्धा सवयीने मिटायचा, दादा बाजूला उभे राहून फक्त ‘डोळा’ एवढंच म्हणायचे, दिवसातून चाळीस वेळा. स्कोअर आधी पडला. मग एका मॅचला ८८, ९०, ८९, ८९, ८७, ८८. एकूण ५३१. बघा, पहिल्या तीन सिरीज आधीपेक्षा काही भारी नाहीत, नेम माझा तेवढाच आहे, फक्त शेवटच्या दोन कोसळल्या नाहीत. एकोणीस पॉइंट श्रीखंडाच्या झाकणाचे.

फ्रंट साइट विरघळण्याचं अजून एक कारण असतं आणि ते डोळे एक ठेवा का दोन, दोन्हीत येतं. एकाच बिंदूकडे हलवल्याशिवाय बघत राहिलं की काही सेकंदांनी चित्र फिकं पडायला लागतं, डोळ्याचा स्वभाव आहे तो. सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या, दोन वेळा पापण्या मिटा-उघडा, लांब कुठेतरी हिरवं बघा, परत उचला. बारा सेकंद धरून ‘आता सुटेल’ करत मारलेला शॉट माझ्या वहीत क्वचितच ९ च्या वर गेलाय.

तिसरी तक्रार चाळिशीवाल्यांची, फ्रंट साइटच धूसर. इथे आधी ती अर्जुनाची गोष्ट डोक्यातून काढायची. पक्ष्याचा डोळा दिसला पाहिजे, बाकी काही नाही, हे धनुष्याला ठीक असेल, पिस्तुलाला उलटं आहे. फ्रंट साइटची कड धारदार दिसली पाहिजे आणि काळा गोळा धूसर, कायम धूसर. कारण साधं आहे. दोन साइटमधलं अंतर ३५ सेंटिमीटर धरा. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली तर १० मीटरवर पेलेट २८ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे, एकेक रिंग आठ-आठ मिलिमीटरने बाहेर जाते, म्हणजे १० चा थेट ७. तेच साइट खाचेत बरोबर आहे आणि अख्खा हात एक मिलिमीटर डावीकडे गेला तर पेलेट फक्त एक मिलिमीटर जातो. हात हलतोय म्हणून रडण्यापेक्षा खाचेतल्या दोन फटी सारख्या आहेत का ते बघा, आणि त्या बघायला कड स्पष्ट दिसली पाहिजे.

मला एका चष्म्याच्या दुकानात प्रोग्रेसिव्ह लेन्स बसवून दिली, कुठलं दुकान ते जाऊ द्या. त्यात वरून लांबचं दिसतं, खालून वाचायचं, आणि एक मीटरवरचं बघायला मान मागे टाकून नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागतं. मी महिनाभर तसाच उभा, मान आखडली. नंतर एका डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. एक मीटरवर स्पष्ट बघायला लांबच्या नंबरात प्लस एक लागतो, दहा मीटरला जवळजवळ काहीच नाही, तर मधला, म्हणजे लांबचा नंबर अधिक ०.५०, सिंगल व्हिजन, फक्त रेंजसाठी. साइट स्पष्ट आणि काळा गोळा धूसर पण गोलच. पूर्ण प्लस एक घातला तर गोळा फारच पसरतो. हा हिशोब सगळ्यांना जसाच्या तसा लागू होईल असं नाही, तपासून घ्या. जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहून न्या. कागद न्या, पिस्तूल नका नेऊ चष्म्याच्या दुकानात, हे सांगावं लागतंय कारण एकाने नेलं होतं.

मग दोन्ही डोळे उघडे ठेवून, पट्टी न लावता, कोणी मारायचंच नाही का? मारा की. ज्याचा मास्टर डोळा ठाम आहे आणि हात-डोळा एकाच बाजूचे आहेत त्याचा मेंदू दुसऱ्या डोळ्याचं चित्र आपोआप बाजूला टाकायला शिकतो, काहींचा लवकर, काहींचा वर्षाने. डिकेच पाच ऑलिंपिक खेळलाय, २००८ पासून, त्याचं ते शिकून कधीच झालंय. हात खिशात घालणं तर बरेच पिस्तूल शूटर करतात, मोकळा हात लोंबकळला की खांदा डुलतो म्हणून. स्वतःवर करून बघायचं असेल तर पट्टीपासून सुरुवात करा आणि पट्टी दर पंधरा दिवसांनी अरुंद करत जा, तीस, वीस, दहा मिलिमीटर. कुठल्या रुंदीला दुसरं पिस्तूल परत दिसायला लागलं ते वहीत लिहा आणि तिथून एक पायरी मागे या. आमच्याकडे आठ-दहा जणांनी केलं, दोघे पूर्ण पट्टीशिवाय गेले, बाकीचे दहा-पंधरा मिलिमीटरवर सुखाने राहतायत. रेड डॉटवाल्यांना (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट वापरणाऱ्यांना) हे सगळं सोपं जातं कारण तिथे ठिपका आणि टार्गेट दोन्ही लांबच दिसतात, पुढे-मागे फोकस करायची भानगड नाही, पण आपल्या १० मीटरला ते चालत नाही.

शेवटी एक टेस्ट, खरंतर ही सगळ्यात आधी करायला पाहिजे. प्रॉब्लेम डोळ्याचा आहे का बोटाचा? पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, दुसऱ्याला दाखवा, ड्राय फायरवर (पेलेट न सुटता नुसता ट्रिगर ओढायच्या सोयीवर) टाका, आणि टार्गेटच्या जागी कोरा पांढरा कागद लावून रेंजच्याच दिशेने वीस वेळा ट्रिगर ओढा, नेहमीसारखा डोळा ठेवून. ट्रिगर सुटतानाच फ्रंट साइट खाली-डावीकडे उडी मारत असेल तर उजव्या हाताचं बोट झटका देतंय, डोळ्याचा काही संबंध नाही, वरचं सगळं विसरा आणि ट्रिगरवर काम करा. कोऱ्या कागदावर साइट शांत राहते आणि काळा गोळा समोर आला की गडबडते, तर नजर साइट सोडून गोळ्याकडे पळतेय. आणि कोऱ्या कागदावरसुद्धा दोन फ्रंट साइट दिसतायत किंवा दहाव्या ट्रिगरला डोळा चुरचुरतोय, तर झाकण कापायला घ्या.

उजेडाचंपण एकदा बघून घ्या. आमची रेंज पत्र्याच्या शेडमध्ये आहे, संध्याकाळी पाचनंतर डावीकडून ऊन तिरपं आत येतं आणि फ्रंट साइटच्या डाव्या कडेवर चमक येते, मग ती कड जाड दिसते आणि सगळ्यांचे शॉट एकाच बाजूला सरकतात. दोन महिने आम्ही पाच-सहा जण आपापले डोळे तपासत होतो. मग दादांनी डावीकडच्या खिडकीला गोणपाट लावलं.